गुळाच्या पाण्याचा तांब्या

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की टाळणं अंगवळणी पडलं. हुरड्याचा विषय निघाला की मी काहीतरी निमित्त काढून उठायचो. माझ्या त्या मित्राची आठवण कोणी काढली की "चांगला माणूस होता" एवढं म्हणायचो आणि गप्प बसायचो. चांगला होता हे खरंच आहे. पण लोक त्याला पुढे जोडतात, "शेवटी सुटली नाही त्याची, आपल्याच हातानं पुन्हा प्यायला." ते खरं नाही. गावात ते खरं नसल्याचं ठाऊक असलेला माणूस मी एकटाच उरलो आहे.

आमचं गाव आदिलाबादकडे, बोथच्या बाजूला. ज्वारी हुरड्यावर आली की थंडीत एकेकाच्या शेतात मंडळी जमते. पण आगटी पेटवण्याआधी पोचम्माला साक, म्हणजे मानाची धार, द्यावी लागते. बांधावरच्या लिंबाखाली हळद लावलेला देवीचा दगड असतो. त्याच्यापुढे शिंदीची धार सोडायची आणि मडक्यात उरलेली शिंदी सगळ्यांच्या ओंजळीत थोडी थोडी द्यायची. तिला नाही म्हणायचं नसतं, ती सांडायची नसते. ज्यांना शिंदी चालत नाही, त्यांच्यासाठी शेताचा धनी वेगळ्या तांब्यात गुळाचं पाणी करून ठेवतो आणि त्याचीही धार सोडतो. देवीला दोन्ही चालतं. त्या तांब्याची आठवण धन्यानं ठेवायची, पाहुण्यानं मागायची नाही, अशी आमच्याकडची रीत.

तो आणि मी प्यायला एकाच मडक्यावर शिकलो. त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, त्या दिवशी तो गोठ्यात पडून होता. पाहुणे चहा न घेता उठले. त्यानंतर त्यानं सोडली. आता हा मंडळीतून गेला, असं आम्ही धरून चाललो. पण पुढच्या हुरड्याला सगळ्यात आधी तोच येऊन बसला.

"काऊन बे, दवाखान्यातून सुटून आला का?" कोणीतरी विचारलं.

"तुमी पेऊन जे बोलता ना, ते ऐकाले आलो. फुकटचा तमाशा हाये," तो म्हणाला.

आगटीची जागा त्यानं धरली ती कायमची. कणसं निखाऱ्यात खुपसायची, वेळेवर काढायची, गरम गरम तळहातावर चोळून दाणे फुंकायचे आणि ज्याला त्याला द्यायचे. बोटं भाजायची, तोंड चालूच. कोणाच्या बैलाचा पाय दुखत होता, कोणाच्या सुनेला दिवस गेले होते, मागच्या वर्षी बोललेलं त्याच्या ध्यानात असायचं. आम्ही सकाळी विसरणारे. शेजारी त्याचा स्टीलचा पेला, गुळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. "पेला रिकामा दिसला का लोकायचे हात शिवशिवतेत," तो म्हणायचा. हळूहळू मंडळी मडक्याभोवती कमी आणि आगटीभोवती जास्त बसू लागली. हसण्याचा आवाज तिकडून यायचा. मडक्याजवळ मी.

घरी बायको एकदा म्हणाली, "तो न पेता बसते ना मंडळीत? मंग तुमालेच काय झालं?"

तोपर्यंत मी म्हणत असे की माणसांत बसायचं तर घ्यावीच लागते. त्यानं माझं ते कारण काढून घेतलं होतं. याचा राग येतो हे मला तेव्हा कळलं नाही. त्याची थट्टा करावीशी वाटते, एवढंच कळलं.

त्या वर्षी हुरडा माझ्या शेतात होता. बायकोनं सकाळी गुळाचा खडा कागदात बांधून दिला होता. तो माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. तांब्याही होता, विहीर चार पावलांवर होती. मी पाणी केलं नाही.

धार सोडून झाली. मी मडकं घेऊन ओंजळी भरत त्याच्यापर्यंत आलो. त्यानं माझ्या मागे पाहिलं, तांब्यासाठी. मी म्हणालो, "अरे, गुळाचं पाणी विसरलोच पाहाय. घे ना एवढी. देवीची हाये, तिले दारू म्हणत नाईत."

सगळे थांबले होते. तो म्हणाला, "राहू दे ना मंग. मी हात जोडतो."

"देवीले नाई म्हंते का?" कोणीतरी म्हणालं. मी त्याला गप्प केलं नाही. तिथं शेताचा धनी मी होतो. माझ्या एका शब्दानं ते थांबलं असतं.

त्यानं ओंजळ पुढे केली. मी ओतली, इतरांपेक्षा थोडी जास्तच. तो प्यायला आणि ओला हात डोक्याला पुसला. मंडळी खूश झाली. "आता आला आपल्यात," म्हणत एकानं त्याचा स्टीलचा पेला शिंदीनं भरून आणला. तो आगटीजवळ गेला. थोडा वेळ कणसं भाजली. मग पेला उचलला. त्या दिवशी कणसं करपली.

पुढची वर्षं मी सविस्तर लिहीत नाही. पुष्कळ प्यायला. आमच्याबरोबर नाही, एकटाच, नाक्यावरच्या दुकानामागे. मुलीचं लग्न मामांनी उरकलं. मग कधीतरी त्यानं दुसऱ्यांदा सोडली आणि मुलाकडे मावल्याला राहायला गेला. हुरड्याचं बोलावणं गेलं, आला नाही. गावात कोणाच्या लग्नाला आला नाही, बारशाला आला नाही. वहिनी, त्याची बायको, मला आदिलाबादच्या बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, पयल्यांदा त्यायनं दारू सोडली होती. या बारीले माणसं सोडली."

माझी सुटली ती डॉक्टरमुळे. त्यात माझा मोठेपणा नाही. सोडल्यानंतरच्या पहिल्या हुरड्याला मी एका कडेला बसलो. कोणी वाईट बोललं नाही, कोणी बोललंच नाही. मी घरी जायला उठलो आणि पाहिलं, आगटीजवळ कोणी नव्हतं. मी तिथं बसलो. कणसं घेतली. पेला भरून शेजारी ठेवला. एकाला त्याच्या म्हशीबद्दल विचारलं.

आता मला सगळीकडून बोलावणं येतं. साखरपुडा असो, पोळ्याचं जेवण असो, पुतणे म्हणतात, "काका, तुमच्याबिगर मजा नाई." खरंच मजा येते. न पिता माणसांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकू येतं आणि दुसऱ्या दिवशी आठवतं. पण यातलं माझं काही नाही. जागा त्याची, बसणं त्याचं, विनोदसुद्धा निम्मे त्याचेच. भरल्या मंडळीत मी कणीस चोळतो, पहिली मूठ उजवीकडे धरतो. तिथं कोणी नसतं.

एकदा मी मावल्याला गेलो, सांगायचंच असं ठरवून. तो अंगणात बाजेवर बसला होता, बारीक झाला होता. वहिनींनी चहा आणला. त्यानं विचारलं, "सोडली म्हणे. मंडळीत बसून राह्यला का नाई?"

"बसतो ना. आगटीजवळ."

तो हसला. "हातात काय असते?"

"गुळाचं पाणी."

तो माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नाही. वाट पाहावी तसा. वहिनी कप घेऊन आत गेल्या. अंगणात आम्ही दोघंच होतो, आणि इतकी सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "औंदा बोंडअळीनं कापूस लय खाल्ला."

"हो ना," तो म्हणाला. थोड्या वेळानं, मी चप्पल घालताना, म्हणाला, "पेला भरेल ठेवत जाय."

उन्हाळ्यात तो गेला. दहाव्याला मी गेलो. नदीवर कोणीतरी म्हणत होतं, "सुटली नव्हती त्याची, आपल्या हातानं पेऊन गेला." मी तिथंही गप्प राहिलो.

यंदा हुरडा पुन्हा माझ्या शेतात होता. तांब्या मी पहाटेच भरून ठेवला. धार सोडताना दगडापुढे उभा राहिलो. जे मावल्याच्या अंगणात बोलायचं होतं ते ओठांवर आलं, आणि मागे पोरं उभी होती म्हणून तसंच गिळलं. ते एवढंच होतं: गड्या, मी विसरलो नव्हतो. गूळ माझ्या खिशात होता. मले माफ कर.