जावेच्या हातचे तीळ

धाकट्या दिराचं लग्न होईपर्यंत चामराजपेटेतल्या त्या घरात अंबूबाईंच्या हाताला तोड नव्हती. नवरा विठोजी शिवणकामाचं दुकान चालवी, दीर दामोदर विमानाच्या कारखान्यात जाई, आणि दोघांचे डबे अंबूबाई भरत. मग १९६० साली धारवाडची वीणा धाकटी सून होऊन आली. पुढच्या संक्रांतीला तिने तिळाचे लाडू केले, आणि सासूबाई यल्लव्वा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर म्हणाल्या, "असा लाडू या घरात आजवर झाला नव्हता."

अंबूबाईंच्या काळजात कळ उठली. लोकलाजेस्तव त्यांनी एक लाडू खाल्ला. बायका उठायच्या आतच ओठ सुजले, मानेवर पित्ताच्या गांधी उठल्या.

"पोटातली जळजळ अंगावर आली, दुसरं काय!" यल्लव्वा म्हणाल्या. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

पुढे वीणाच्या भरल्या वांग्यांनी तेच झालं. अंबूबाईंची खात्रीच पटली. "ही माझ्या ताटात काहीतरी कालवते!"

"अक्का, देवाशपथ सांगते, सगळ्यांना तेच वाढलंय," वीणा रडत म्हणाली. ती रडली की घर तिच्याभोवती गोळा होई. अंबूबाईंना तेही सहन होत नसे.

मग एकदा तिच्या चटणीने घसाच आवळला. विठोजीने टांग्यात घालून इस्पितळात नेलं. इंजेक्शनाने जीव वाचला. तिथल्या डॉक्टर प्रतिमाबाई मूळच्या पुण्याच्या.

"काय खाल्लं होतं?"

"जावेच्या हातचं."

"चाचणीसाठी हाताचा अर्क माझ्याकडे नाही. जिन्नसांचा आहे."

खोदून विचारल्यावर कळलं की अंबूबाई एरवी शेंगदाण्याचं कूट वापरत. तीळ संक्रांतीपुरतेच. वीणाच्या माहेरी मात्र रोजच्या जेवणात तीळ. आणि हो, तिच्या लग्नाआधीच्या संक्रांतीलाही घसा खाजला होता. तो अंबूबाईंनी गुळावर ढकलला होता.

गांधींवर चालू असलेल्या पित्ताच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवायला सांगितल्या; त्या अंगात असतील तर चाचणी खोटी निघते. मग डॉक्टरांनी अंबूबाईंच्या हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येकाखाली बारीक ओरखडा काढला. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा. थोड्याच वेळात तिळाच्या जागी टपोरी गांध आली. शेंगदाण्यालाही बारीकशी आली. पाण्याला काहीच नाही.

"म्हणजे शेंगदाणेही सोडायचे?" विठोजीने विचारलं.

"रोज खातात आणि काही होत नाही ना? मग नाही. कातडीवर गांध आली म्हणजे खाल्ल्यावर बाधतंच असं नसतं. तिळाचंही आपण खाऊनच बघू. इथेच, इंजेक्शन भरून ठेवून."

"मग एक दिवस जावेच्या हातचं द्या," अंबूबाई म्हणाल्या. "दिसेलच."

डॉक्टर हसल्या, पण कबूल झाल्या. पहिल्या दिवशी वीणाने केलेली नाचणीची लापशी, तिळाशिवाय. अंबूबाईंनी वाटीभर संपवली. काही झालं नाही. वर ती इतकी चवदार होती की त्यांना आणखीच राग आला.

दुसऱ्या खेपेला लापशी त्यांनी स्वतः करून आणली. डॉक्टरांनी ती आत नेली आणि वेलदोडा घालून चमचा चमचा भरवली, मध्ये थांबत. तिसऱ्या चमच्याला ओठ चुरचुरले, गळ्यावर गांधी फुलल्या, खोकला सुटला. लगेच इंजेक्शन दिलं.

"आत तीळ वाटून घातले होते," त्या शांत झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या. "लापशी तुमच्या हातची. आता शंका उरली नाही. तीळ आणि तिळाचं तेल, दोन्ही कायमचं बंद."

अंबूबाईंना वाटलं, आता तरी घर आपल्या बाजूला येईल. यल्लव्वांचे टोमणे थांबले खरे. पण वीणाने घरातले तीळ, तेल, सगळं देऊन टाकलं, भांडी घासून काढली, आणि पुढच्या संक्रांतीला शेंगदाणे-खोबऱ्याचे लाडू वळले. गल्लीभर एकच बोलणं: "जावेसाठी तिळगूळ सोडला हो पोरीने!"

अंबूबाईंनी लाडू खाल्ला. ओठ सुजले नाहीत. लाडू उत्तम होता.

"कसा झालाय, अक्का?" वीणाने भीत भीत विचारलं.

"स्वल्प गोड जास्त," अंबूबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वतः लाडवांसाठी शेंगदाणे भाजायला बसल्या.