सुध्याचा खिम्याचा केक

सुध्याच्या गच्चीवर ग्रिल आलं आणि आमचे रविवार नासले! आता कुणी नवा माणूस आला की जेवणाआधी त्याला किस्सेच वाढले जातात. बिचाऱ्याचं निम्मं पोट तिथेच भरतं.

सुध्या म्हणजे सुधीर, सिरुसेरीच्या ऑफिसातला माझा शेजारी. मूळचा साताऱ्याचा, नोकरीसाठी तमिळ मुलखात आलेला. डॉक्टरबाईंनी त्याचा साखरेचा रिपोर्ट बघितला आणि त्या म्हणाल्या, "भात बंद करा, नाहीतर इन्सुलिन चालू करू." सुध्या टरकला.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याने भाताला हात आडवा केला. वाढणारे अण्णा डाव हातात धरून बघतच राहिले. "सादम वेण्डामा? भात नको? मग सांबार कशावर घालू, सार, टायवर?"

•

मग त्याला इंटरनेटवर मीटलोफ सापडला. भात नाही, पाव नाही, नुसता खिमा! त्याने हौसेने आईला फोन लावला.

"आई, आज खिम्याचा पाव करतोय."

"खिमा-पाव?"

"नाही गं. खिम्याचाच पाव. खिमा, कांदा, अंडं मळून लादी थापायची आणि भाजायची."

"म्हणजे पाव नाहीच?"

"नाही."

आई हळूच म्हणाली, "सुधीर, नोकरी आहे ना रे अजून?"

•

पहिला प्रयोग भर मे महिन्यात, दुपारी. निखारे एका बाजूला, खिम्याचा ट्रे दुसऱ्या बाजूला, वर झाकण, असं सगळं शास्त्र सुध्याने पाठ केलं होतं. आम्ही टॉवेल डोक्यावर घेऊन उभे. झाकणावरच्या थर्मामीटरचा काटा वर चढायला लागला तसा हा खूष. "बघ, कसली मस्त हीट धरलीय!"

त्याची बायको वैशाली जिन्यातून ओरडली, "अरे, कोळशाची पिशवी खालीच राहिलीय!"

•

सोबतीला कॉलीफ्लॉवर राइस. म्हणजे फ्लॉवर किसून, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन भात म्हणून खायचा. एका रविवारी आमचा टीममेट वेंकट म्हणाला, "ते माझी अम्मा करेल." भला मोठा डबा आला. लिंबू पिळलेला, पिवळाधमक. सुध्या तुटून पडला. घेतोय, परत घेतोय! "वेंकट, काय हात आहे रे अम्माचा! अगदी भातासारखं लागतंय!"

वेंकटने तिथूनच घरी फोन करून हे कौतुक कळवलं. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"अम्मा म्हणते, कॉलीफ्लॉवर राइस म्हणालास, म्हणून दोन्ही घातलं."

तरी पुढे साखर उतरली हं! इन्सुलिन टळलं.

•

आता खरा किस्सा. सुध्याचं नुंगंबाक्कमचं घर तंजावरच्या मराठी रावकाकांचं. काका-काकू खालीच राहतात. वरचा मजला भाड्याने देताना काकांची एकच अट होती: "घरात मांस आणायचं नाही." सुध्याचं म्हणणं, गच्ची म्हणजे घर नव्हे. हे अर्थात त्याने काकांना विचारलं नव्हतं.

एका रविवारी संध्याकाळी मीटलोफ नुकताच उतरवलेला, वर टोमॅटो सॉसचा लाल चकचकीत थर, आणि जिन्यात काका! मागे काकू. घर जातंय, नक्की!

"हे काय?" काकांनी विचारलं.

"केक!" वैशाली म्हणाली. "यांचा वाढदिवस!"

काकांचा चेहरा एकदम फुलला. "आणि आम्हांस बोलावलं नाही? अय्यो! थांबा!" ते खाली गेले आणि मेणबत्ती घेऊन आले. खिम्यात मेणबत्ती खोवली. खणखणीत आवाजात सगळं गाणं म्हटलं. सुध्याने फुंकर मारली. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार!

वैशालीने तुकडा कापून पुढे केला. काकांनी हात मागे घेतला.

"अंडं आहे का ह्यात?"

"आहे, काका," सुध्या अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग आम्हांस चालत नाही. तुम्ही खावा." सुध्याच्या डोक्यावर हात ठेवून काका जिना उतरले.

काकू मागे रेंगाळल्या. काकांची पावलं खाली पोचल्यावर त्या वैशालीच्या कानाशी वाकल्या.

"जरा निवू दे गं. गरम कापलं की खिमा सुटतो."