नकाशात नसलेल्या ओहोळाकाठी एक रविवार

खडवलीच्या बाजूला बहुतेक लोक नदीत डुंबायला जातात. मी गेलो तो एक करारनामा वाचायला. कल्याणच्या महाविद्यालयात माझ्याबरोबर बी.कॉम. झालेला कमलाकर पडघा-खडवली रस्त्यावरच्या एका गावचा. एक शेत त्याने गोदामासाठी पूर्वीच भाडेपट्ट्याने दिले होते, दुसऱ्या शेताची बोलणी संपत आली होती. सहीपूर्वी तू एकदा नजर घाल, असा त्याचा फोन आला आणि रविवारी सकाळी सातला मी डोंबिवलीहून गाडी काढली.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी कल्याणहून गांधारी पूल ओलांडून पडघ्याचा रस्ता धरावा, आणि आठच्या आत धरावा. नंतर कंटेनरमागे सरकत राहावे लागते. वाटेत वीस रुपयांना वडापाव मिळतो. चहा उत्तम, वडा बहुधा आदल्या दिवशीचा. पत्र्याची गोदामे इतकी सलग आहेत की गाव आल्याचे देवळाच्या कळसावरूनच कळते.

कमलाकरचे घर आता दुमजली आहे. त्याची मुलगी सायली पहिल्या शेतावरच्या गोदामात शिफ्ट सांभाळते. गावातल्या आणखी काही मुली तिथे जातात. पूर्वी अशा नोकरीसाठी ठाणे गाठावे लागे, आता त्या चालत जातात. हा लाभ मी आधी नोंदवतो, कारण तो खरा आहे.

कराराची भाषा निर्दोष होती. खटकला तो नकाशा. कॉलेजच्या दिवसांत इथे आलो असताना मी पाहिलेला, शेतातून जाणारा ओहोळ त्यात कुठेच नव्हता. मोजणी ऐन उन्हाळ्यात झाली होती, आणि पावसाळ्यापुरता वाहणारा ओहोळ उन्हाळ्यात साधी सखल जमीनच दिसतो. मी प्रत्यक्ष चालून पाहण्याचा आग्रह धरला.

"ऑडिटला आलायस का जेवायला?" कमलाकर म्हणाला, पण त्याने चपला घातल्या.

ओहोळाला पूर्वी दोन फाटे होते. एक पहिल्या गोदामाच्या भरावाखाली गेला. उरलेला या शेतातून जातो. जिथे फाटे फुटत, तिथेच कमलाकरच्या शेजारणीचे, हिराबाईंचे घर आहे. भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत पाण्याची रेघ होती.

"पयले पानी ओहोलान जायचा, आता माजे चुलीन येतंय," त्या कमलाकरला म्हणाल्या. "ही वाट पन बुजवा भावजी, मंग माल्यावरच चूल मांडाची."

भराव पडल्यापासून दोन पावसाळे आपण त्या दारात पाऊल ठेवले नव्हते, हे कमलाकरने परतताना सांगितले.

दुपारी जमिनीचा दलाल आला. मी अट लिहून ठेवली होती: ओहोळ नकाशात दाखवावा आणि भरावाखाली पाणी जाण्यासाठी ओहोळाच्या पूर्ण रुंदीची मोरी बांधावी, तोवर सही नाही. तो हसला. कागदावर जे नाही ते नाही, असे त्याचे म्हणणे. शिफ्टला निघालेली सायली दारातच थांबली.

"पावसाळ्यात मी रोज चपला हातात घेऊन तो ओहोळ ओलांडते. तुमच्या कागदाला नसेल दिसत. मला गोदाम पाहिजे, पण मोरी पण पाहिजे."

पुढच्या गावात जमिनी पुष्कळ आहेत आणि तिथले मालक प्रश्न विचारत नाहीत, असे दलालाने ऐकवले. कमलाकरने कागद त्याच्यासमोर सरकवले.

"मग तिकडे जा. पण जेवून जा."

तांदळाची भाकरी, सुकट आणि वालाचे बिरडे. दलाल जेवला आणि कागद घेऊन गेला.

संध्याकाळी घरी पोहोचलो. गोदामे नकोत असे मला आजही वाटत नाही. मात्र पाण्याची वाट ठरल्याशिवाय भराव पडू नये, यावर मी ठाम आहे. पंधरवड्याने कमलाकरचा फोन आला. दलालाकडून नवा नकाशा आला होता. ओहोळ दाखवला होता, मोरी मात्र दोन फुटांच्या नळाची. म्हणून त्याने ओहोळ दोरीने मोजला. अकरा फूट रुंद भरला. दोरीचे दुसरे टोक हिराबाईंनी धरले होते.

"नकाशा परत पाठवलाय," तो म्हणाला.