मागची सीट

आमच्या शेजारचा गुरुनाथ इथे न्यूझीलंडमध्ये, हॉर्नबीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. मोजकं बोलणारा, नीटनेटका. भाजी दिलेला डबा परत करतानासुद्धा त्यात चार लिंबं घालून आणणारा. त्याच्या जेवणाच्या टेबलावर कित्येक महिने न्यूझीलंडचा नकाशा पसरलेला आहे. उत्तरेच्या केप रिएंगापासून दक्षिणेच्या ब्लफपर्यंत सायकलनं जायचं, हा बेत मुळात त्याच्या बायकोचा, स्नेहलताचा. मुक्कामाची गावंही तिनंच ठरवलेली. मोठा चढ आला की त्याच्या अलीकडे मुक्काम, कारण तिचा डावा गुडघा दुखायचा. गेल्या हिवाळ्यात ती आजारानं गेली. गुरुनाथनं एकही मुक्काम बदलला नाही.

सायकल दोघांची, टँडम. पुढे एक सीट, मागे एक. दोन्हीकडची पेडलं साखळीनं एकमेकांना जोडलेली, त्यामुळे पुढच्यानं पाय मारले की मागचीही फिरतात. रविवारी सकाळी गुरुनाथ ती घेऊन एकटाच सरावाला निघतो. पुढे तो, मागे रिकामी सीट आणि तिच्याखाली आपोआप फिरणारी पेडलं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा झाडांना पाणी घालताना माझा हात तसाच थांबला. त्यात तो मोठ्यानं म्हणाला, "खड्डा आहे गं!" मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, म्हणून टँडमवर तसं सांगायचं असतं.

त्यांची मुलगी श्रिया युनिव्हर्सिटीत शिकते. एकदा मी त्यांच्याकडे बसले असताना ती म्हणाली, "बाबा, आय अ‍ॅम कमिंग विथ यू. मागे मी बसणार."

"आणि अभ्यास?"

"सुट्टी आहे तेव्हा. आणि लोक बघतात, बाबा. डेअरीवाले अंकल विचारत होते, तुझे डॅड सायकलवर कोणाशी बोलतात?"

"मग काय सांगितलंस?"

"टू मम, म्हटलं. त्यांनी मला आइसक्रीम फुकट दिलं."

गुरुनाथ हसला. पण श्रिया आईपेक्षा बरीच उंच. मागची सीट वर घ्यायला हवी होती. पान्याचे दोन फेरे, एवढंच काम. तेच त्याच्याकडून होईना. "आधी बसून तर बघ," म्हणत राहिला. श्रिया आत गेल्यावर मला हळूच म्हणाला, "बाई, चढावर मला मागून अजूनही तिचा जोर मिळतो. सीट हलवली तर तो थांबेल."

त्या रविवारी बापलेक गेबीज पासचा घाट चढून आली. मी त्यांच्या गॅरेजच्या दारात मेथीची जुडी घेऊन उभी होते. गुरुनाथचा चेहरा उजळला होता.

"काय दम लावलास गं शेवटच्या चढाला! उडत आलो की वर."

श्रिया हेल्मेट काढता काढता थांबली. "शेवटच्या? तिथे मी पेडल मारतच नव्हते. ही सीट इतकी लो आहे, गुडघा किती दुखत होता. पाय बाजूला धरून बसले होते."

"दोन्ही?"

"दोन्ही." तिचा आवाज बारीक झाला. सीटवरचा हात तिनं काढून घेतला.

गुरुनाथनं सायकल भिंतीला टेकवली. मग त्यानं विचारलं, "कुठला गुडघा?"

"डावा."

तो खाली बसला. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून अंगठ्यानं दाबून पाहिलं. ती कळवळली. मग तो उठला आणि फळीवरून पाना घेतला. सीटची दांडी जिथे सायकलच्या सांगाड्यात शिरते, तिथे दांडीवर आधी निळी टेप गुंडाळली आणि मगच बोल्ट सैल केला. सीट वर सरकली, तिच्याबरोबर टेपही.

"ही खूण कशाला?" श्रियानं विचारलं.

"ब्लफला पोचलो की परत एवढी खाली घ्यायची."

कोणासाठी, ते तिनं विचारलं नाही. टेपचा एक कोपरा सुटला होता. तो तिनं बोटानं दाबून नीट चिकटवला.