मोहरीने बुजलेला हीटर

कुणी विचारलं, "गाव्रील, बोटं कशी आहेत?" की तो बोटं नाचवून दाखवायचा आणि म्हणायचा, "एकदम ठणठणीत." वर्षभर तो हे खोटं बोलत आला होता, आणि इतक्या सराईतपणे, की आता त्याचं त्यालाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

गेल्या हिवाळ्यात, गोठलेल्या नदीवरच्या रस्त्यात, त्याच्या प्रवासी गाडीचा रेडिएटर गळायला लागला. आमच्याकडचा कुठलाही जुना ड्रायव्हर करतो तेच त्याने केलं. सीटखालचा मोहरीच्या पुडीचा डबा काढला आणि अख्खा रेडिएटरमध्ये रिकामा केला. गळती थांबली खरी, पण ती मोहरी फुगून हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसली. गाडी आतून गोठू लागली. मागे बायको, अकुलिना, दात वाजवत बसलेली. गाव्रील हातमोजे काढून उघड्या हातांनी लोखंडाशी झटापट करत राहिला आणि हीटर काही सुरू झाला नाही. मागून आलेल्या ट्रकवाल्याने दोघांना घरी पोचवलं. तेव्हापासून गाव्रील गाडी फक्त उन्हाळ्यात चालवायचा, आणि अकुलिना तीत पुन्हा बसली नव्हती.

आता मुलगी तुयारा शहरात बाळंत झाली होती आणि उद्या तिला आणायचं होतं. फोनवर तिने स्पष्टच सांगितलं.

"गाडी उबदार आहे असं आई म्हणाली, तरच मी बाळाला घेऊन बसेन. नाहीतर बर्फ वितळेपर्यंत सासूबाईंकडेच राहते."

"आणि मी म्हणालो तर?"

"बाबा, तुम्ही गेल्या वर्षीही उबदारच म्हणाला होतात."

गाव्रीलला खरं तर राग यायला हवा होता. पण तो आला नाही. हल्ली त्याला कशाचंच फारसं काही वाटत नसे.

फोन झाल्यावर त्याच सकाळी त्याने घराशेजारच्या गॅरेजात शेगडी पेटवली, हीटर उतरवला आणि लिंबूसत्त्व घातलेलं उकळतं पाणी त्यात उलट्या बाजूने सोडलं. पिवळा चिखल भळाभळा बाहेर आला. अकुलिना धिरडी घेऊन आली. पहिला तुकडा तिने रीतीप्रमाणे शेगडीतल्या अग्नीला दिला आणि मग बादलीत डोकावली.

"म्हाताऱ्या, एवढी मोहरी लावून अख्ख्या गावाने घोड्याचं मटण खाल्लं असतं."

"मग आण की मटण, म्हातारे. मोहरी तयार आहे."

ती गेल्यावर त्याने हीटर परत बसवला, पाणी भरलं, इंजिन सुरू करून आतली हवा काढली. पंख्याची पेटी तेवढी बसवायची राहिली होती. त्याआधी तपासायचं ते साधं असतं. एका नळीतून गरम पाणी हीटरमध्ये जातं, दुसरीतून परत येतं. परतीची नळी हाताला चटका देत असेल तर हीटर मोकळा झाला.

गाव्रीलने परतीची लोखंडी नळी मुठीत धरली. काही कळेना. त्याने मूठ आवळली आणि वाट पाहिली. नळी थंडच. म्हणजे आत अजून मोहरी होतीच. बाळ आता तुयाराच्या सासूकडेच राहणार, येईल तेव्हा हसायला लागलेलं असेल, आणि हा कोण माणूस म्हणून रडेल. दुसऱ्याच कुणाच्या तरी नातवाबद्दल विचार करावा तसा तो हा विचार करत राहिला, आणि हात नळीवर तसाच राहिला.

रिकामी थाळी न्यायला आलेली अकुलिना दारातच थबकली. "काय जळतंय रे?"

"रबर असेल."

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं आणि किंचाळून मनगट धरून ओढलं. तळव्याची कातडी नळीला चिकटून राहिली.

"दुखतंय का?"

नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. पण समोर सोललेला तळवा होता.

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही. नदीवरच्या त्या दिवसापासून काहीच नाही."

"आणि या हातांनी तू उन्हाळाभर लोकांना घेऊन फिरलास!"

अकुलिनाने नळीला बोट लावलं आणि "आई गं!" करून मागे घेतलं. मग त्याचा हात गार पाण्यात धरला, पट्टी बांधली आणि फोन उचलला.

"तुयारा, गाडी उबदार होते. मी स्वतः हात लावून पाहिला. ये तू. नाही, बाबा नाही चालवणार. शेजारच्या स्पिरिदोनला सांगते."

गाव्रीलने काहीच वाद घातला नाही. हीटर चालला होता, नातवंड घरी येणार होतं. त्यालाही हेच हवं होतं.

"मी मागे बसेन," तो म्हणाला. "बाळाला मांडीवर घेऊन."

अकुलिनाने पट्टीची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली. तिचा आवाज चढला नाही.

"बाळाला मी घेईन," ती म्हणाली. "ते गार पडलं तर तुला कळायचं नाही."

त्याने मान हलवली, कारण तिचं बरोबरच होतं. आणि मग, वर्षभरात पहिल्यांदा, गाव्रीलला दुखलं.