पाटलीणबाईंची म्हैस

हे सगळं असंच घडलं का, याची मला खात्री नाही. चाळीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, पण स्वतःच्या आठवणीकडे पुरावा मागायची वेळ आली की मी घाबरतो. दुष्काळातल्या खिचडीघरात काम केलेली आम्ही दोघंतिघं कधी भेटलो की प्रत्येक जण जुन्या किश्श्याला थोडा मसाला लावी. असे किस्से साठत गेले. आता कुठला मसाला कुणाचा, सांगता येत नाही. माझा असेल तर माफी असावी.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. दोन पावसाळे कोरडे गेले आणि एका पाद्रीसाहेबांनी डोणगावच्या बाजारात पत्र्याच्या छपराखाली चुली पेटवल्या. मी नुकताच बी.ए. होऊन घरी बसलो होतो. साहेबांनी मला दाराशी जेवणाची तिकिटं तपासायला उभं केलं. नियम एकच : शिजवलेलं अन्न, आणि तिथंच बसून खायचं. कोरडं धान्य दिलं तर ते विकलं जातं, असं त्यांचं म्हणणं.

* * *

पहिल्याच आठवड्यात साहेबांच्या देशातून मक्याच्या पिठाची पोती आली. पीठ पिवळंजर्द! बायका जवळ येईनात. शेवटी एका म्हातारीनं चिमूटभर हातावर घेऊन पाहिलं.

"हळद लावून आणलं, बाप्पा! लगन कोनाचं हाय, साहेब?"

* * *

जेवणाआधी साहेब डोळे मिटून प्रार्थना करत. प्रार्थना लांबलचक. पहिल्या दिवशी त्यांनी 'आमेन' म्हणून डोळे उघडले, तर सगळ्या पत्रावळी साफ!

दुसऱ्या दिवसापासून साहेब एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना करू लागले. तिसऱ्या दिवसापासून प्रार्थना जेवणानंतर.

* * *

एक म्हातारा शेतकरी रोज आपला तांब्या भरून आणी. अन्न तुमचं चालेल, पण पाणी तुमचं नाही, म्हणे.

गावातल्या सगळ्या विहिरी आटलेल्या. मी विचारलं, "बाबा, हे पाणी कुठलं?"

"मिशनच्या विहिरीचं. दुसरीकडं हाय कुठं?"

"मग आमचं पाणी का चालत नाही?"

"काऊन म्हंजे? तांब्या माझा हाय ना!"

* * *

पहिला घास मास्तरनं, म्हणजे मी, सर्वांदेखत खायचा, असं ठरलं होतं. लोकांची शंका फिटावी म्हणून. मी ब्राह्मणाचा मुलगा. आता वाळीत टाकतील, या भीतीनं झोप उडाली.

चौथ्या दिवशी गावचे भटजी वाटेत आडवे आले.

"तू तिथं जेवतोस असं ऐकलं."

"हो."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मीठ बेताचं असतं ना?"

* * *

आणि गंगा पाटलीण. जुनं घराणं. नवरा वारलेला, मुलगा कामाच्या शोधात मुंबईकडे गेलेला, तो परतलाच नव्हता. घरी पोटुशी सून आणि दोन नातवंडं. पाटलीणबाई तीन दिवस निंबाखाली नुसत्या उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी बादली घेऊन आल्या.

"मास्तर, तळाची खरवड असंन तं द्या. म्हशीले न्यायची हाय."

जनावरासाठी कुणाकडूनही न्यायला हरकत नसते. मी खरवड दिली. दुसऱ्या दिवशी खरवडीखाली दोन पळ्या खिचडी दिली. आठवड्याभरात खाली खिचडी आणि वरून नावाला खरवड! त्या मान वर न करता म्हणत, "म्हैस लई खाऊन राह्यली, बाप्पा."

कुणीतरी साहेबांना सांगितलं. साहेब लालबुंद.

"माणसे रांगेत उभी असताना तुम्ही पशूला अन्न देता? चला, मला ती म्हैस दाखवा!"

माझं काम जाणार, त्याची भीती होतीच. पण त्या घरातली बादली बंद होणार होती.

गोठ्यात खुंटा होता. दावं होतं. म्हैस नव्हती. शेण वाळून कधीच माती झालं होतं.

"म्हैस कोठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"रानात गेली चराले," पाटलीणबाई म्हणाल्या. रानात तेव्हा गवताची काडी नव्हती.

साहेबांनी खुंट्याकडे पाहिलं. मग दाराआड उभ्या असलेल्या सुनेकडे आणि तिचं लुगडं धरून उभ्या पोरांकडे. बादली तिथंच होती, चाटूनपुसून स्वच्छ.

"दूध किती देते?"

"आटली हाय सध्या."

साहेबांनी बादली उचलून पाटलीणबाईंच्या हाती दिली. मग माझ्याकडे वळून कडक आवाजात म्हणाले, "मास्तर, म्हैस गाभण आहे. उद्यापासून दोन पळ्या जास्त द्या. आणि गूळ."

पाटलीणबाईंनी पदर सावरला. "हाव साहेब. तिले गूळ आवडते."

* * *

पुढे साहेब मायदेशी गेले आणि तिथंच वारले. त्या दिवशी त्यांना नेमकं काय कळलं होतं, यावर मी वर्षानुवर्षं स्वतःशी वाद घातला. त्यांचं मराठी कच्चं. खरंच म्हैस आहे, असंही समजले असतील. 'गाभण' हा शब्द तर मीच मागाहून त्यांच्या तोंडी घातला असेल.

निवृत्त झाल्यावर मिशनच्या बंगल्यातून मला बोलावणं आलं. साहेबांची जुनी रोजनिशी मराठीत करून हवी होती. त्या उन्हाळ्याच्या पानांवर चुली, पोती, ताप, हेच सगळं. एका पानावर मात्र दोनच ओळी होत्या.

"पाटलीणबाईंची म्हैस आज पहाटे व्याली. मुलगी झाली. दोघी सुखरूप."