पटावर नसलेली मुलगी

बावीस वर्षं गणित शिकवलं, पण त्या वर्षी माझा वर्ग नेमका कुठे आहे हेच मला कळेनासं झालं. टाळेबंदी लागली, नववीच्या परीक्षा रद्द झाल्या, मुलं एका आदेशानं दहावीत गेली आणि मी म्हैसूरच्या गोकुलममधल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर फळा टांगून भिंतीला शिकवायला लागले. एरवी तिथे योग शिकायला आलेले परदेशी भाडेकरू राहायचे. ते आपापल्या देशी पळाले होते आणि घरात नेटवर्क काय ते तिथेच येत होतं.

स्क्रीनवर मुलांची नावं दिसत नसत. फोन ज्याचा, त्याचं नाव दिसे. कुणी ‘अप्पा’, कुणी ‘दुकान दोन’, एक तर साड्यांचं दुकान, ‘सारी सेंटर’. मी मुलांना ओळखायचे ती बाकावरून. इथे चौकोन रोज जागा बदलायचे. एकदा भर तासात मी म्हणाले, “सारी सेंटर, उत्तर सांग.” पलीकडून एका गृहस्थांनी माइक चालू करून अदबीनं विचारलं, “कोणता रंग दाखवू?” वर्ग हसला असावा. सगळ्यांचे आवाज मीच बंद करून ठेवले होते, त्यामुळे तेही कळलं नाही.

अर्ध्याहून जास्त घरांत असा फोनही नव्हता. म्हणून आम्ही साखळी काढली. ज्याला तास दिसतो त्यानं तो संपल्यावर पुढच्याला साधा फोन करायचा, धडा सांगायचा, गणितं वाचून दाखवायची. मग त्यानं त्याच्या पुढच्याला. अशा चार साखळ्या होत्या. शनिवारी वह्या शाळेच्या फाटकाशी ठेवलेल्या पेटीत यायच्या. साखळीची यादी मी एका दुपारी घाईघाईनं केली, नववीच्या जुन्या फोनयादीवरून. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचा सगळा घोळ माझ्या त्या घाईतून झाला.

श्रेढीचा धडा चालू होता. एक ते एकोणसाठपर्यंतच्या संख्यांची बेरीज करा, असं एक गणित मी दिलं होतं. तिसऱ्या साखळीच्या शेवटच्या तीन वह्यांत मी शिकवलेलं सूत्र नव्हतंच. तिन्हींत शिंप्याच्या टेपचं चित्र काढलेलं होतं, साठ इंचांच्या, मधोमध घडी घातलेल्या टेपचं. घडी घातली की एकासमोर एकोणसाठ येतो, दोनासमोर अठ्ठावन्न. कुठलीही जोडी घ्या, बेरीज साठ. जोड्या मोजा, साठनं गुणा, घडीवर एकटा राहिलेला तीस शेवटी मिळवा. उत्तर बरोबर.

आधी माझं डोकं तापलं. कॉपी केली म्हणून तिघांनाही फैलावर घ्यायचं मी ठरवलं. मग चहा पिता पिता पुन्हा वाचलं आणि वाटलं, हे माझ्यापेक्षा बरं समजावलंय. तो चहा काही मला गोड लागला नाही.

त्याच साखळीत, या तिघांच्या वर, देवराज मोहल्ल्यातल्या एका शिंप्याचा मुलगा होता; त्याची वही त्या शनिवारी आली नव्हती. झालं, मी दोन आणि दोन पाच केले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याचं तोंडभर कौतुक केलं. पुढच्या शनिवारी त्याची वही आली, तर तिच्यात सूत्रसुद्धा चुकीचं उतरवलेलं. फोन करून विचारलं तर म्हणतो, “मिस, तुम्ही शाबासकी दिलीत, मी घेतली.”  माझीच अक्कल निघाली.

मग मी साखळी शेवटाकडून वर तपासत निघाले. हे सगळं बोलणं अर्थातच कन्नडमधून चालायचं. टेपचं कुणी सांगितलं? “वरून आलं, मिस.” वरचीला विचारलं. “मला पण वरूनच आलं.” तिसरीनं मात्र एका मुलीचं नाव घेतलं आणि वर म्हणाली, “ती रोजच सांगते, मिस. एकदा नाही कळलं तर परत सांगते.”

मी दहावीचा हजेरीपट उघडला. त्या नावाची मुलगीच नव्हती. पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. नाही. मी शिकवतेय एका वर्गाला आणि शिकतोय दुसराच, असं काहीसं वाटून मला खरंच भीती वाटली. शेवटी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन नववीचा पट काढला. तिथे ती होती. नावावर लाल रेघ, पुढे ‘टीसी दिली’ आणि खाली माझी सही. वडील देवराज मोहल्ल्यात एका दुकानात शिवणकामाला होते. दुकान बंद पडलं आणि कुटुंब सरगूरला, गावी परत गेलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यांचा गठ्ठा त्या जूनमध्ये माझ्यासमोर आला होता, आणि मी एकामागून एक सह्या ठोकल्या होत्या. जुन्या फोनयादीतून मात्र तिचं नाव कुणीच काढलं नव्हतं.

सगळ्यात वाईट म्हणजे तिचा चेहरा मला आठवेना. वर्षभर माझ्यासमोर बसलेली मुलगी. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

घरी येऊन मी डोकं धरून बसले. आमच्या घरची मराठी म्हणजे निम्मी कन्नड. म्हैसूरच्या फौजेत आलेल्या पूर्वजांनी पाठीवर आणली तेवढीच मराठी उरलीय, असं आई म्हणते. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “सुम्ने डोकं कशाला पिकवतीस? उगा बसून काय होतंय? फोन कर की तिला, अष्टे, एवढंच!”

मी फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला गेला आणि एक आवाज घाईनं म्हणाला, “हं, सांग, वही उघडलीय.”

मी म्हणाले, “मी मिस बोलतेय.”

 मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “मिस, मी सगळी गणितं केलीत. एकही ठेवलं नाही.”

“टेपचं तू सांगितलंस?”

“चुकलं का, मिस?”

“नाही. पण तू शाळा सोडलीस ना? मग साखळीत तसं सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर फोन बंद झाला असता,” ती म्हणाली. मग एकदम रडायला लागली आणि रडत रडतच तिनं विचारलं, “मिस, माझं नाव आहे का हो वर्गात?”

मी ‘आहे’ म्हणाले. कुठल्या हक्कानं म्हणाले, देव जाणे. एका यादीत होतं, एका यादीत नव्हतं.

आमच्या मुख्याध्यापिका नियमाच्या पक्क्या. म्हणाल्या, “दाखला दुसऱ्या शाळेत दिला नसेल आणि तोच परत आला, तर पुन्हा दाखल करता येईल. पण परीक्षेचे अर्ज शुक्रवारपर्यंतच.” म्हणजे हाताशी चार दिवस. शुक्रवार चुकला तर ती दहावीला बसणार नव्हती, आणि नंतर सरगूरकडच्या आल्याच्या, अद्रकाच्या शेतातल्या मजुरीतून तिला कोण परत आणणार, हे मला चांगलं माहीत होतं.

तिच्या वडिलांना फोन केला. दाखला पेटीत तसाच पडून होता. शाळाच बंद आहेत म्हटल्यावर नवीन ठिकाणी नाव घालायला ते गेलेच नव्हते.

“आल्याची काढणी चाललीय, मिस. आम्ही बापलेक एक दिवस कामावर नाही गेलो तर मुकादम दुसऱ्यांना घेईल,” ते म्हणाले. “तरी येतो. राहायला तिची मावशी आहे तिथे. पण एक सांगा, शाळा उघडणार का?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

“परीक्षा तरी होणार का?”

“तेही माहीत नाही.”

“मग बोलावता कशाला?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि मलाही कळत नव्हतं. बावीस वर्षं प्रश्नपत्रिका काढल्या, पण उत्तर माहीत नसलेला प्रश्न मी कधी कुणाला घातला नव्हता. इथे तर बापाचे सगळेच प्रश्न तसे. मी म्हणाले, “तिचं नाव पटावर पाहिजे. एवढंच कळतंय मला. तुम्ही या.”

शुक्रवारी दहावीची बरीच मुलं अर्जावर सही करायला आली होती, सगळी मास्क लावून. फाटकाशी एक उंच मुलगी एकटी उभी दिसली. मी लगबगीनं गेले, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “आलीस गं बाई!” ती गोंधळून म्हणाली, “मिस, मी तर इथेच राहते.” दुसरीच होती ती. तेवढ्यात मागून आवाज आला, “मिस.” वळून पाहिलं तर बापलेक उभे होते. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत दाखला होता. मुलगी बुटकीशी होती, कपाळावर धूळ होती. आवाज मी लगेच ओळखला. चेहरा मास्कमुळे दिसत नव्हता, आणि दिसला असता तरी मी ओळखला असता की नाही, सांगता येत नाही.

मुख्याध्यापिकांनी दाखला उलटसुलट पाहिला, अर्जावर सही घेतली आणि मग विचारलं, “आणि हजेरीचं काय? इतके महिने ही पटावरच नव्हती.” बाकीच्या साखळीतल्या मुलांची हजेरी आम्ही त्या वर्षी फोनवरूनच मांडत होतो. धडा पोचला की हजर, नाही पोचला की गैरहजर. मी तसं म्हणाले. त्या तिच्याकडे वळल्या. “रोज फोन यायचा?”

“हो, मिस.”

“रोज?”

तिनं वडिलांकडे पाहिलं, मग चपलांकडे. मला वाटलं, हो म्हण. फक्त हो म्हण, पोरी.

“एक दिवस नाही, मिस,” ती म्हणाली. “टॉवर बंद होता. मी टेकडीवर जाऊन बघितलं, पण लागला नाही.” आणि तिनं तारीख सांगितली.

मुख्याध्यापिकांनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. पटाच्या शेवटी मी तिचं नाव लिहिलं. जूनपासूनचं एकेक घर हजर म्हणून भरत गेले, आणि तिनं सांगितलेल्या तारखेच्या घरात गैरहजर लिहिलं.